पाकिटाचे सैनिक आणि माझी देवकपाशी

जवळ सरक गं जरा. तू पुण्यात, मी लोणारला, तरी सरक. आणि तो मोबाईल पालथा ठेव. मागच्या खेपेला आलीस ती चप्पलसुद्धा न काढता. उभ्यानं चहा प्यायलीस अन् "आत्या, गाडी थांबलीये" म्हणून निघालीस. जाताना काय बोललीस आठवतं? "आम्ही आता जग उजाड झाल्यावरच्या सिनेमांचा अभ्यास करतोय, तुला नाही कळायचं ते." मला नाही कळायचं? अगं बाई, तसल्या सिनेमाची मी हिरोईन आहे! हसू नको. हिरोईन मीच आणि त्यातल्या बारा सैनिकांचे कपडे शिवणारी शिंपीणही मीच. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून कधी सांगितलं नाही. आज सांगते, पण शेवटपर्यंत ऐकायचं. मधेच गाडी आणायची नाही.

तो सिनेमा केला आमच्या भाडेकरूनं. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता, मागच्या खोलीत ते राहत. बायको लवकर गेली होती, मुलगी देऊळगाव राजाला दिलेली. अख्खं लोणार त्यांना ऑपरेटर म्हणायचं, मी पण तेच लिहिते. तरुणपणी ते टुरिंग टॉकीजमध्ये मशीन चालवत. जत्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखवत ना, त्यातलं. तंबू बंद पडले तेव्हा त्यांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला अन् लग्नाच्या शूटिंग करायला लागले. पण मनानं माणूस तंबूतच राहिला. घड्याळ असून बघत नसत. वेळ रिळात मोजत. एक रीळ म्हणजे दहा मिनिटं.

"वहिनी, तीन रिळं झाले, चहा नाई आला."

"इंटरवल झाला का तुमचा?"

"इंटरवलच्या आधीच माणूस मरून राह्यला इथं चहाबिगर."

असं आमचं चालायचं. माझे मालक आधीच वारले होते, मी मशीनवर गावाचे झंपर शिवत बसलेली असायची, आणि भिंतीपलीकडून हे रिळं मोजत. आणखी एक खोड सांगते. कोणाशीही बोलायचं झालं की आधी त्याचे दोन्ही खांदे धरायचे, उजेडाकडे वळवायचं, मग बोलायचं. एकदा घरपट्टीच्या वसुलीला साहेब आले, त्यांनाही वळवलं. साहेब बिचारे पावती पुस्तक घेऊन खिडकीकडे तोंड करून उभे. मग म्हणतात कसे, "हां. आता बोला. आता दिसून राह्यलं तुमच्या मनात काय हाये ते."

लग्नाच्या शूटिंगलाही लोक त्यांना टरकून असत. एका घरची मुलगी सासरी निघाली, आई गळ्यात पडली, सगळे रडायला लागले, अन् यांच्या कॅमेऱ्याची बॅटरी उतरली. ओरडले, "थांबा! कोणी रडू नका! बॅटरी बदलू द्या, मंग रडा!" आणि सांगते तुला, सगळं वऱ्हाड रडू दाबून उभं राहिलं. आई, मावश्या, मामा. बॅटरी बदलून होते न होते तोच नवरीला हसू फुटलं. तिचं पाहून आईला. त्या कॅसेटमध्ये ती पोरगी खदखदा हसत सासरी गेली. आठ दिवसांनी सासरचे स्टुडिओत तक्रार घेऊन आले, आमच्या सुनेला माहेर सोडताना रडू कसं आलं नाही म्हणून.

तर असा माणूस. आणि त्याचं एकच शास्त्र होतं. जेवताना, दाढी करताना, कधीही सांगायचे: "वहिनी, सिनेमात सारं खोटं चालते. पाऊस खोटा, मरण खोटं, रडणं खोटं. पण हातातली वस्तू खोटी नाई चालत. हातात वाटी घेतली तं वाटीत वरण पायजे." तंबूत शेकडो खेळ दाखवले त्यांनी, आणि कोणत्या हिरोची वाटी रिकामी होती ते त्यांना अजून पाठ होतं.

आता सिनेमा. आपल्याकडं बीटी कापूस येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. पहिल्या एक-दोन वर्षी बोंडं बघून लोक हरखले होते. मग लाल्या आला, हिरवी पानं लाल होऊन वाळायची. मग फवारण्या वाढल्या. पण दर वर्षी रोहिणी नक्षत्र लागलं की कृषी केंद्रापुढं बियाण्याच्या पाकिटांसाठी रांग, आणि पेरणी झाली की बांधाबांधावर चमचमती रिकामी पाकिटं उडताना दिसायची. ऑपरेटर एका लग्नाहून पायी येत होते. येताना पोतंभर पाकिटं वेचून आणली आणि माझ्या मशीनपुढं ओतली.

"वहिनी, याचे बारा ड्रेस शिवा."

"याचे? हे काय कापड आहे का?"

"साठ-सत्तर वरसानं येनाऱ्या लोकायचे ड्रेस हायेत."

पिठलं-भाकरी वाढता वाढता सगळी गोष्ट ऐकली मी. पुढं एक काळ येणार. त्या काळात जग सगळं एका कचेरीचं. बी कचेरीच्या पाकिटातून येणार, त्याचं रोप एकदाच येणार, त्याचं बी पुन्हा उगवणार नाही. ज्याच्या घरी स्वतःचं बी सापडेल त्याला कचेरीचे सैनिक धरून नेणार. बाकी जमीन कशी, तर आपल्या तळ्याच्या काठासारखी, खारी, पांढुरकी. अशा जगात एक म्हातारी घरामागं एक झाड लपवून ठेवते. पाकिटातलं नसलेलं शेवटचं झाड. शेवटी सैनिक येतात, तिच्या डोळ्यांदेखत ते जाळतात. पडद्यावर अंधार. नुसता जळण्याचा आवाज. खेळ खलास.

मी विचारलं, "म्हातारी कोण?"

त्यांनी माझे खांदे धरले अन् मला उजेडाकडे वळवलं.

पाकिटाचं शिवणं काय सांगू! सुई घुसली की चरकन फाटायचं. शेवटी आत गोणपाटाचं अस्तर लावलं, तेव्हा टाके धरले. डोक्यावर बांबूच्या टोपल्या पालथ्या घालून त्यांनाही पाकिटं मढवली. तोंडाला फडक्याचे मास्क, पाठीला फवारणीचे पंप. बाराजण त्यात उभे राहिले तेव्हा माझ्याच शिवणाची मला भीती वाटली. उन्हात नुसते लखलखत होते. आतून बिचारे एसटी स्टँडवरचा पानवाला, एक न्हावी, एक ट्रॅक्टर चालवणारा, असे आपलेच. आणि कचेरीचा मोठा साहेब कोण, तर गफूरचाचा, आपल्या गल्लीतले पिंजारी. गाद्या-रजया भरून देत. आवाज असा की ढोलकीत तोंड घालून बोलल्यासारखा. कापूस पिंजता पिंजता ते डायलॉग पाठ करत: "बीज कचेरी का, मिट्टी कचेरी की, और तू भी कचेरी की!" अन् मग गिऱ्हाईकाला हळूच, "गादी परसो ले जाना, भाई."

तळ्याच्या काठावर पहिलं शूटिंग झालं. दगड पाहिलेस ना तिथले? आणि तो वास? ऑपरेटर खूश, म्हणे मेलेलं जग आयतं मिळालं. सैनिकांनी मला धरायचं, ओढायचं, खाली ढकलायचं, असं होतं. पण ते काही केल्या जमेना. न्हाव्यानं दंड धरला तर असा, जशी काही मी त्याची आजारी आई. ट्रॅक्टरवाल्यानं ओढलं, माझ्या पायातली चप्पल निघाली, तर हा सैनिक, टोपलीसकट, पंपासकट, खाली बसला अन् चप्पल माझ्या पायात घालायला लागला.

"कट!" ऑपरेटर कॅमेऱ्यामागून ओरडले. "अबे राक्षस आहेस तू! राक्षस चप्पल घालून देते का कोनाले?"

"पन गोटे तापले हायेत ना भाऊ. काकूचे पाय भाजतीन."

"भाजू दे! तेच दाखवून राह्यलो ना बे मी!"

दुसऱ्यांदा ढकललं. मी पडले. बाराही जणांनी एका सुरात विचारलं, "काकू, लागलं तं नाई?" त्या दिवशी एकोणीस वेळा कट झालं. संध्याकाळी ऑपरेटर पायरीवर डोकं धरून बसले. म्हणाले, "वहिनी, या तालुक्यात जुलूम दाखवनं लय अवघड हाये."

बरं, आता ते झाड. शेवटच्या झाडासाठी माणूस वेडा झाला. सगळ्यांनी समजावलं, पराट्यांचे, वाळल्या कपाशीच्या काड्यांचे, ढीग पडलेत घरोघरी, एखादी हिरवी कपाशी उपटून आणू, कॅमेऱ्यात काय कळतं? ऐकतील तर शपथ! हातातली वस्तू. पाकिटातून न आलेली कपाशी पाहिजे, जिवंत, बोंडं धरलेली. अमडापूरच्या बाजारात जाऊन आले. मुलीकडं गेले तेव्हा देऊळगाव राजाच्या बाजूची शेतं पायी हिंडले. जालन्याकडच्या बसमध्ये म्हणे एकेका म्हाताऱ्याला विचारत, "बाबा, तुमच्याकडं गावरान सरकी आहे का?" म्हातारे म्हणत, होती. सगळीकडं होतीच होती, आहे कुठंच नाही. एकानं बीटीच्या पाकिटासोबत दुसरी छोटी पुडी मिळते ना, बिगर बीटीची, शेताच्या कडेनं लावायला देतात अन् लोक फेकून देतात, ती आणून दिली. ऑपरेटर म्हणाले, "ते बी पाकिटातलंच हाये, बापू." परत आले तेव्हा चपलेचा अंगठा तुटलेला अन् तोंड एवढंसं.

आणि मी काय करत होते? मी ओसरीवर बसून नवरात्राच्या वाती वळत होते.

आले, समोर बसले. बराच वेळ माझ्या हाताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हा कापूस कुठला?"

"कुठला म्हणजे? मागचा. न्हाणीजवळचा."

"कोनता मागचा?"

"अहो, देवकापूस! माझ्या सासूनं लावलेला. तुम्ही रोज त्याच्याच बुडाशी दात घासून चूळ टाकता."

तुला सांगते, माणूस उठला नाही, उडाला. महिनाभर दोन जिल्हे पालथे घातले, आणि झाड त्यांच्या खाटेपासून दहा पावलांवर. पण चूक नुसती त्यांची नव्हती गं, माझीही होती. ते येऊन जाऊन माझ्याजवळ रडगाणं गात होते की कपाशी मिळेना, अन् मी "हो का, अरेरे" करत होते. माझ्या डोक्यातच आलं नाही. कपाशी म्हणजे शेतातली, तासातली, वेचणीची, बाजाराची. हे तर देवाचं. वातीपुरतं. देवकपाशीला कपाशी म्हणून मोजायचं हे आमच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. वात वळायची, सरकी कचऱ्यात झाडायची. किती वर्षं ते शेवटचं झाड मी केरात फेकत होते, देव जाणे.

ऑपरेटर झाडाभोवती तीन चकरा मारून आले. फांदीला हात लावला, बोंड उजेडाकडं वळवलं. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. अन् मग ते म्हणाले, "वहिनी, हेच जाळायचं."

मी वातीचं ताट खाली ठेवलं. "काय म्हणालात?"

"शेवटच्या सीनले. घासलेट टाकून. एकच टेक होईल, पन खरा होईल."

"त्या झाडाला हात लावाल तर आधी खोली खाली करा."

त्यांनीही मग भांडण सोडलं नाही. तीन दिवस माझ्या घरची भाकरी खाल्ली नाही, केळी खाऊन राहिले. मी पण भिंतीपलीकडून मुद्दाम मशीन जोरात चालवायची. गफूरचाचा मध्यस्थी करायला आले. मला म्हणाले, "बहन, पागल आदमी है, माफ कर दो." त्यांना म्हणाले, "भाऊ, तुम हमारे घर का कोई भी पेड जला लो." ऑपरेटर म्हणाले, "चाचा, तुमच्याकडं लिंब हाये. लिंब काय जाळू?"

चौथ्या दिवशी दुपारी मी खोली सोडा म्हणून सांगायलाच गेले. दार उघडंच होतं. आत एक बाई जमिनीवर बसली होती. पलीकडच्या गावची, तिचे झंपर मीच शिवायची. गेल्याच महिन्यात तिच्या नवऱ्यानं शेतातलं औषध पिऊन जीव दिला होता. भिंतीला लावायला तिच्याकडं त्याचा फोटो नव्हता. एकही. म्हणून ऑपरेटरांनी तिच्या दिराच्या लग्नाची जुनी कॅसेट लावली होती. पंगतीत तिचा नवरा मठ्ठा वाढत होता. कॅसेट पुढं जायची, तो वाकायचा, कोणीतरी काही बोलायचं, तो हसत मान फिरवायचा. ऑपरेटर कॅसेट थांबवायचे, चेहरा नुसता पांढरा फराटा. मागं घ्यायचे. पुन्हा वाकला, पुन्हा हसला, पुन्हा मान फिरवली. किती वेळा केलं, मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी तो हसला की त्या बाईचा हात पदराकडं जायचा.

शेवटी एका जागी अर्धा चेहरा मिळाला. ती गेल्यावर ऑपरेटर तसेच टीव्हीपुढं बसून राहिले.

म्हणाले, "वहिनी, यंदाच्या वरसातला हा पाचवा. लग्नाच्या कॅसेटी काढल्या मी, अन् आता त्याच्यातून हारासाठी चेहरे काढून राह्यलो. मागचं काढून काढून जीव विटला. म्हनून पुढचं काढतो म्हनलं. लोकायनं पाहावं अन् भ्यावं. एकदा तरी असं भ्यावं की पुढच्या वर्षी त्या रांगेत उभं राहताना पाय कापले पायजे. खोट्या झाडानं नाई होत ते भेव. खरं जळताना दिसलं पायजे."

मी खोली सोडण्याचं काही बोलले नाही. घरी आले, सासूच्या फोटोपुढं थोडी बसले. मग भिंतीवर हात आपटला. "ऑपरेटर! जाळा. पण पिकलेली बोंडं आधी मी काढून घेणार."

पलीकडं खाट करकरली. मग हळूच, "दोन भाकरी ठेवजा, वहिनी."

शूटिंगच्या दिवशी सकाळचं ऊन स्वच्छ होतं. न्हाणीमागं बारा सैनिक लखलखत उभे. पानवाल्याच्या हातात घासलेटची बाटली, चाचांच्या हातात काडेपेटी. मी बोंडं पदरात घेतलेली. ऑपरेटरांनी मला चार-चार वेळा बजावलं. चाचा म्हणतील, हटो. तुम्ही हटायचं. तोंड झाकून रडायचं. पानवाला ओतेल, चाचा काडी लावतील. कोणी मधे काही बोलायचं नाही, एकच कॅसेट, एकच झाड.

"चालू!"

चाचा गरजले, "बीज कचेरी का, मिट्टी कचेरी की! हटो!"

आणि मी हटले गं. खरंच हटले. शब्द दिला होता. रडूही आलं, त्यासाठी काही करावं लागलं नाही. पण हटले ती नेमकी न्हाव्यासमोर आले. अंगावर मीच शिवलेली पाकिटं, तोंडाला मास्क, वर दोन डोळे. मनात आलं, याची आई पण वाती वळते, कापूस दुकानातून आणते. झाड तर चाललंच. मी पदर सोडला, एका बोंडाची सरकी मोकळी केली आणि त्याच्या हातावर ठेवली. "घे. घरी लाव. न्हाणीच्या पाण्यावर येते."

त्यानं काय करावं? सैनिकानं? दोन्ही हातांची ओंजळ केली, सरकी कपाळाला लावली, अन् वाकून माझ्या पाया पडला.

मग दुसऱ्याच्या हातावर ठेवली. तोही वाकला. तिसरा, चौथा. म्हाताऱ्या बाईनं हातावर काही ठेवलं की वाकायचं, हे त्यांच्या हाडात होतं, तिथं कचेरीचं काय चालणार? एकाची टोपली वाकताना पडली अन् गडगडत चाचांच्या पायाशी गेली. पानवाल्यानं घासलेटची बाटली खाली ठेवली, कारण दोन्ही हात लागतात ना घ्यायला. बाटली हातात धरून सरकी कशी घेणार? मी चाचांपुढं आले. सरकी द्यायला गेले तर त्यांनी अख्खं बोंडच उचललं. चिमटीत धरून कापसाचा धागा ताणला, पिंजारी गिऱ्हाईकाचा माल बघतात तसा. पुन्हा ताणला. डायलॉग कुठं, कचेरी कुठं.

"बहन," म्हणाले, "ये कपास इतने बरस कहाँ थी?"

आणि दुसऱ्या हातातली काडेपेटी खिशात घातली.

आम्ही सगळे वाट बघत होतो की आता ओरडतील, आता कट म्हणतील. ऑपरेटर कॅमेऱ्याला डोळा लावून तसेच. खट्ट असा कॅसेट संपल्याचा आवाज आला, तरी डोळा काढला नाही. मग बाजूला झाले. चालत आले. माझ्याकडं बघितलं नाही, झाडाकडं बघितलं नाही. हात पुढं केला.

"मले?"

मी दिली.

सिनेमा तसाच लावला त्यांनी, त्याच शेवटाचा. दुसरी कॅसेट नव्हती असं ते सांगत. खोटं! कपाटात आणखी तीन होत्या, मी पाहिल्या होत्या. मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना पोती लावून भर दुपारी खेळ झाला. लोक आधी पाकिटं ओळखून ओरडले, "अबे, हे तं माह्या बांधावरचं!" तळ्याचा सीन आला तेव्हा मात्र चिडीचूप. ऑपरेटर सगळ्यांच्या पुढं मशीनपाशी उभे, प्रेक्षकांकडं पाठ, जुन्या सवयीनं पडद्यावरच नजर. आणि शेवट आला. सैनिक वाकायला लागले, टोपली गडगडली, तसा एका कोपऱ्यातून हसू फुटलं. मग सगळीकडून. मी वळून पाहिलं. पहिली हसली होती ती बाई, मठ्ठा वाढणाऱ्याची बायको. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसत होती. मग पदर डोळ्याला लावला.

दुसऱ्या दिवशी बाया दारात. सरकी दे, सरकी दे. आमच्या गल्लीत आता सात झाडं आहेत, चाचांच्या अंगणात दोन.

पण ऑपरेटर फुगलेलेच. त्या दिवसापासून आमचं एकच भांडण, पुढं कितीतरी वर्षं, रोज संध्याकाळी, चहा घेऊन.

"सिनेमा फसला, वहिनी. लोक भ्याले नाई."

"नसतील भ्याले. घरी सरकी घेऊन तर गेले?"

"सात झाडं! वातीले! अन् रांग? यंदा मागच्यापेक्षा लांब होती. पाहून आलो मी."

त्यांचं खोटं नव्हतं, ते मी कबूल करते. रांगेत एक माणूस कमी झाला नाही. शेतात पाकिटंच पेरली गेली, अळीही आली, औषधंही वाढली, अन् अर्धे चेहरे शोधायला बाया स्टुडिओत येतच राहिल्या.

"ती बाई हसली," मी म्हणायची. "मी डोळ्यांनी पाहिलं. तुमची तर पाठ होती."

"तेच म्हनतो ना! ती हसली, म्हनूनच फसला!"

"हसली म्हणूनच साधला!"

"तुमी शेवट बिघडवला माहा."

"आणि तुम्ही हात पुढं केला ना? कोणी सांगितलं होतं करायला?"

मग कप जरा जोरात ठेवत अन् खोलीत जात. जाताना मी मागून विचारायची, "उद्या किती वाजता भांडायचं?" आतून आवाज यायचा, "सहाले."

दोन वर्षांपूर्वी मुलगी त्यांना देऊळगाव राजाला घेऊन गेली, तब्येतीमुळं. तिथंच गेले. मी शेवटचं भेटायला गेले होते. आवाज उतरला होता, पण मला बघून म्हणाले, "जाळायले पायजे व्हतं, वहिनी." मी म्हटलं, "मुळीच नाही." ते हसले की रागावले, समजलं नाही. दिवस मावळायच्या आत बस धरायची होती, म्हणून मी उठले. म्हटलं, पुढच्या आठवड्यात येते अन् पुरं करते. पुढचा आठवडा काही मिळाला नाही.

आता गावात सगळे माझ्याच बाजूचे. चाचा म्हणतात, "बहन, तुम सही थी." पानवाला म्हणतो, काकू, शेवट झकास. कोणी विरुद्ध बोलतच नाही. समोरचा माणूस उठून गेल्यावर भांडण जिंकलं तर त्याला जिंकणं म्हणतात का? मी बरोबर होते हे मला माहीत आहे, आजही छातीवर हात ठेवून सांगते. पण संध्याकाळी सहा वाजता कोणीतरी समोर बसून मला चूक म्हणायला हवं गं.

मुलीनं कॅसेटची सीडी करून दिली आहे. तू ये. चप्पल काढून ये. आधी सिनेमा बघ, मग त्यांची बाजू घे. शिकलेली आहेस, चार मुद्दे त्यांना सुचले नाहीत ते तुला सुचतील. मी ऐकून घेणार नाही, तू सोडू नको. दोन दिवस राहायच्या तयारीनं ये, एका चहात नाही मिटायचं हे. दिवाळीची वाट बघू नको, त्याआधी ये.